विरोधात कोणी आहे का?

हॅलरन, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर

गॅरेट,

हे पत्र तू वाचशील की फाडून टाकशील, माहीत नाही. पहिल्या हिवाळ्यानंतर तू तुरुंगात सांगून भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून आमची नावं काढून टाकलीस. तेव्हापासून आई दर महिन्याला एक कार्ड टाकते. पोस्टाच्या पेटीकडे बघायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज बघते. मी आजवर लिहिलं नाही, कारण मला राग होता. तो अजून आहे. पण आता काम पडलंय.

मार्चमध्ये तुझी पॅरोलची, मुदतीआधी सुटकेची सुनावणी आहे. घरच्यांपैकी एकाला तिथे बोलता येतं असं त्यांनी कळवलंय. आई म्हणाली, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी उभी राहिले की रडणार. ॲडी, तू बोल."

मी! तू गेल्यापासून वर्गात हजेरीला 'हो' म्हणायलासुद्धा मला घाम फुटतो. हॅलरनमध्ये सगळ्यांना माहीत आहे की मी कुणाची बहीण. दुकानात मी रांगेत उभी राहिले की पुढची बाई आपली पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. चोरी तू केली नव्हतीस, तरीही.

म्हणून मी पेट्स्का बाईंकडे गेले. त्या तुला इतिहास शिकवायच्या, आता वादविवादाचा संघही त्याच बघतात. मी म्हटलं, "मला बोलायला शिकवा." त्यांनी कशासाठी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "मग काँग्रेसमध्ये ये, आमच्या खोट्या संसदेच्या स्पर्धेत. तिथे जोडीदार लागत नाही, आणि पाळी सगळ्यांना मिळते."

काय बोलायचं ते आईने ठरवूनच ठेवलंय. "एवढंच सांग," म्हणते, "की आपलं पोरगं दारू प्यायलेलं होतं हे खरं, कायल टीगार्डनचा जीव त्याच्या गाडीने गेला हेही खरं. पण आपला गॅरेट पळाला नाही. पोलीस आले तेव्हा तो कायलजवळ खड्ड्यात बसलेला होता, त्याचा हात हातात घेऊन. हे सांग म्हणजे झालं." शेरीफने तसं लिहिलेलंच आहे.

ॲडी


१० नोव्हेंबर

गॅरेट,

पहिली स्पर्धा झाली. पार धूळधाण उडाली.

हा खेळ काय असतो ते तुला सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल. एका वर्गातली बाकं अर्धगोलात मांडतात आणि तो वर्ग म्हणजे संसदेचं सभागृह. आम्ही सगळे प्रतिनिधी. समोर नावाच्या पाट्या. स्पर्धेच्या आधी काही आठवडे विधेयकांचा गठ्ठा येतो, सगळी मुलांनीच लिहिलेली. शाळेच्या गाड्या विजेवर चालवा, मतदानाचं वय कमी करा, असलं काहीबाही. प्रत्येक विधेयकाची तयारी दोन्ही बाजूंनी करून जायची, कारण कुठली बाजू रिकामी सापडेल ते सांगता येत नाही. एक भाषण बाजूने झालं की पुढचं विरोधात, मग परत बाजूने. सलग सगळे एकाच बाजूने बोलायला लागले की परीक्षक जांभया देतात. भाषणाला तीन मिनिटं. ते झालं की बाकीचे उठून प्रश्न विचारतात आणि तिथेच खरी हजामत होते. शेवटी मतदान. विधेयक पास झालं काय, पडलं काय, त्याला काडीची किंमत नसते. मागे बसलेले परीक्षक फक्त आमच्या बोलण्याला गुण देतात.

आम्ही आमच्यातलाच एक सभापती निवडतो. त्याच्या हातात लाकडी हातोडा. कुणी बोलायचं ते तो ठरवतो, पण मनाला येईल तसं नाही. जो सगळ्यात कमी वेळा बोललाय त्याला आधी. दोघं सारखेच असले तर ज्याला बोलून जास्त वेळ झालाय त्याला. सभापतीचा तुझ्यावर दात असला तरी तुझी पाळी आली की त्याला तुला उभं करावंच लागतं. मला हे फार आवडलं. आपल्या गावात असं कुठेच नाही.

पण आवडून काय उपयोग? मी हात वर केला. शेजारी ऑगी नावाचा एक मुलगा होता, बापाचा टाय घालून आलेला. तो कुजबुजला, "ए बाई, हात काय वर करतेस? बाथरूमला जायचंय का? उभी राहा!" मी उभी राहिले तर दुसऱ्या कुणाचं भाषण चालू. सगळे फिदीफिदी. खरी पाळी आली तेव्हा मी कागदात डोकं घालून सगळं वाचून काढलं. परीक्षकाने लिहिलं, 'भांग छान पाडला आहे. पुढच्या वेळी चेहराही बघायला आवडेल.'

परतताना व्हॅनमध्ये पेट्स्का बाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी रडली नाहीस, पुष्कळ झालं. आता ऐक. वाचायचं नाही. आणि आधीचा काय बोलला ते कान देऊन ऐकायचं, त्याचं नाव घेऊन त्याला उत्तर द्यायचं. नाहीतर ते भाषण नव्हे, पाठांतर."

आई रोज विचारते, "जमतंय का गं?" मी सांगते, जमतंय.

ॲडी


१५ डिसेंबर

गॅरेट,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. त्या सभागृहाची सभापती कोण होती ते मी लिहिलं नाही.

ब्रिन टीगार्डन. कायलची धाकटी बहीण. पेल्टनच्या शाळेत ती आता शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या जिल्ह्यात तिच्याइतका चोख सभापती नाही असं सगळे म्हणतात, म्हणून दर वेळी तीच निवडून येते. मला हे आधी ठाऊक असतं तर मी व्हॅनमध्ये चढलेच नसते.

माझी पाटी तिच्या समोरच होती. 'व्राना'. आपल्या भागात दुसरं व्राना घराणं नाही. तिने पाटीकडे बघितलं, हातोड्याची मूठ अंगठ्याने जरा पुसली, आणि माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, "प्रतिनिधी व्राना यांनी बोलावं." इतरांना म्हणाली होती अगदी तसंच. ना कमी, ना जास्त.

जेवायच्या रांगेत ती माझ्या मागे आली. शाळेत नेहमी असतं तेच होतं, खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा गोड रोल. मला वाटलं, आता ती ताट माझ्या अंगावर उपडं करणार. करायला हवं होतं.

"तू त्याची बहीण ना?"

"हो."

"सभापतीला 'मॅडम' म्हणत नाहीत. 'सभापती महोदया' म्हणायचं. आणि टेबलाला रेलून उभी राहू नकोस, पाय मोडल्यासारखी दिसतेस."

ती ताट घेऊन निघून गेली. मी तो रोल कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि व्हॅनमध्ये बसून राहिले.

त्यानंतरच्या प्रत्येक स्पर्धेला ती होतीच. मी टेबलाला रेलायचं सोडलं. वाचायचंही सोडलं. गेल्या शनिवारी माझा तिसरा नंबर आला. आईने प्रमाणपत्र फ्रीजवर लावलं, मग थोड्या वेळाने काढून कपाटात ठेवलं. कुणी घरी आलं तर काय म्हणेल, म्हणून. आपल्याकडे येतं कोण?

ॲडी


२ फेब्रुवारी

गॅरेट,

जिल्ह्याच्या स्पर्धेचा गठ्ठा आला तेव्हा पेट्स्का बाईंनी मला वर्गाबाहेर बोलावलं. गठ्ठ्यात एक विधेयक होतं: दारू पिऊन गाडी चालवताना ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला कधीच पॅरोल मिळू नये. लिहिलं होतं ओमाहाच्या कुठल्याशा मुलीने, तिला आपल्याबद्दल काही माहीत असायचं कारण नाही.

बाई म्हणाल्या, "प्रत्येक विधेयकावर बोलायलाच हवं असा नियम नाही. या वेळी तू गप्प बसून राहा, पाणी पी. कुणी विचारणार नाही."

मीही तेच ठरवलं होतं, देवाशपथ.

काल स्पर्धा झाली. हातोडा ब्रिनच्याच हातात. त्या ओमाहाच्या मुलीने विधेयक मांडलं, छान मांडलं. मेलेल्या माणसांची नावं घेतली. कायलचं नव्हतं, पण तिने नाव घ्यायला तोंड उघडलं की दर वेळी वाटायचं, आता तेच येणार. तिचं झाल्यावर ब्रिन म्हणाली, "विरोधात कोणी आहे का?"

कुणी उठलं नाही.

दारुड्याची बाजू कोण घेणार? ब्रिनने पुन्हा विचारलं, "विरोधात कोणी आहे का?" विरोधात कुणीच नसलं की चर्चा तिथेच आटपते आणि सरळ मत घेतात. ऑगी पुटपुटला, "चला, लवकर सुटलो."

मी उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. मार्चमध्ये मला हेच करायचं होतं, आणि इथे जर मी बसून राहिले असते तर तिथेही बसूनच राहिले असते, असं काहीतरी वाटलं असेल.

ब्रिनने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी एकदाही बोलले नव्हते, म्हणजे सगळ्यांत आधी पाळी माझीच. "प्रतिनिधी व्राना यांनी बोलावं," ती म्हणाली. आवाज जरा फाटला.

मी म्हटलं, शिक्षा असावी, मोठी असावी. पण माणूस पुढे कसा वागला हे कुणी कधीच बघायचं नाही, असा कायदा नसावा. ओमाहाच्या मुलीचं नाव घेऊन तिच्या मुद्द्याला उत्तर दिलं. मान वर होती. मग प्रश्न सुरू झाले. लिंकनचा एक मुलगा उठला, अशी पोरं असतात बघ, नखसुद्धा इस्त्री केलेलं.

"प्रतिनिधी व्राना, अशा एखाद्या माणसाला तुम्ही कधी बघितलंय? की हे सगळं कागदावरचं आहे?"

मी म्हटलं, "बघितलंय. माझा भाऊ."

बाहेर जिममध्ये कुणीतरी चेंडू आपटत होतं ते ऐकू आलं. मग कुठून तरी कुणीतरी हसलं. ब्रिनने हातोडा आपटला. "शांतता. प्रतिनिधींना उत्तर पूर्ण करू द्या."

मी उत्तर पूर्ण केलं. म्हटलं, माझ्या भावाच्या गाडीने एक मुलगा गेला. माझा भाऊ पळून जाऊ शकला असता. तो पळाला नाही. मदत येईपर्यंत त्या मुलाजवळ बसून राहिला. कायद्याला हे दिसायला नको का?

ब्रिनकडे बघायची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, "वेळ संपली." खरोखरच संपली होती.

मतदान बरोबर निम्मं-निम्मं झालं. असं झालं तर सभापतीला मत देता येतं. नाही दिलं तर विधेयक आपोआप पडतं. तिला गप्प बसता आलं असतं. खोट्या संसदेतलं खोटं मतदान, त्याने जगात कुणाचं काही होत नाही. तिने हातोडा खाली ठेवला. मग म्हणाली, "सभापती बाजूने. विधेयक मंजूर."

मला पहिला नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला मी गेले नाही.

नंतर कॉरिडॉरमध्ये ती माझी वाट बघत थांबली होती. म्हणाली, "तू चांगली बोललीस. माझं मत तुझ्या भाषणावर नव्हतं."

"माहीत आहे."

"मार्चमध्ये मीपण येणारे. बाबा आणि मी. सुटका नको म्हणून सांगायला."

"माहीत आहे," मी पुन्हा म्हटलं.

ती जायला वळली आणि पुन्हा मागे फिरली. "तो बसून राहिला होता हे माझ्या आईला माहीत आहे. तेवढ्या आधारावर ती झोपते. तुला सांगून ठेवते." एवढं बोलून ती भराभरा निघून गेली.

गॅरेट, मार्चमध्ये मी बोलणार. तू आमच्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.

ॲडी


२३ मार्च

गॅरेट,

तू तिथेच होतास, तेव्हा हे तुला लिहायची खरं तर गरज नाही. पण तू बघितलंस टेबलाच्या त्या बाजूने. या बाजूने कसं दिसलं ते मी लिहिते.

आईने निळा ड्रेस घातला होता, दोनदा इस्त्री केलेला. मी भाषण पाठ केलं होतं. आमच्या पलीकडे ब्रिन आणि तिचे वडील टीगार्डन बसले होते, ब्रिनच्या मांडीवर घडी घातलेला कागद. तिची आई आली नव्हती. तुला आत आणलं तेव्हा आईने माझं मनगट एवढं जोरात धरलं की अजून वळ आहे. तू किती वाळलास! डोकं का भादरलंस?

आधी तुझं बोलणं, मग आमचं, मग त्यांचं, असा क्रम होता. पॅरोल बोर्डाच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तुला विचारलं, "मिस्टर व्राना, तुम्हाला काय सांगायचंय?"

तू म्हणालास, "मला अर्ज मागे घ्यायचाय."

आई म्हणाली, "काय म्हणाला तो? काय म्हणाला?" मोठ्याने.

त्या बाईंनी कारण विचारलं. आणि तू टेबलाकडे बघत ते सांगितलंस. "सगळे म्हणतात मी त्याच्याजवळ बसलो होतो. मी नव्हतो बसलो. मी मक्यात पळालो. मका उभा होता, म्हणून कुणाला दिसलो नाही. तो हाका मारत होता, मला ऐकू येत होतं. मी तिथेच बसून राहिलो. तो गप्प झाला तेव्हा बाहेर आलो आणि त्याचा हात धरला. मग गाड्या आल्या."

तू ते फार हळू सांगितलंस. पण ती खोली लहान आहे.

बाई म्हणाल्या, "हे तुम्ही आधी कधी सांगितलं होतं?"

"नाही."

"अर्ज मागे घेताय, हे नक्की?"

"हो."

"मग सुनावणी इथेच संपली."

मी उभी राहिले. इतके महिने शिकले तशी, कशाला न रेलता. म्हटलं, "मला बोलायचंय." त्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, अर्जच राहिला नाही. आता कशावर बोलणार तू?" तुला बाहेर नेत होते. तू वळून बघितलं नाहीस. मी उभीच होते, आणि मला कुणी बसही म्हटलं नाही. पलीकडे ब्रिनही उभी होती.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत वारा सुटला होता, वरून क्रौंचांचे थवे नदीकडे ओरडत चालले होते. आई गाडीत जाऊन बसली. टीगार्डन आपल्या ट्रकमध्ये बसले होते, कपाळ स्टीअरिंगवर टेकवून. ब्रिन दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी होती, वाऱ्यात कागद फडफडत होता. मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी जवळ गेले, म्हटलं, दे.

ती म्हणाली, "तुझ्या भाषणानंतर मी हे परत लिहिलं. बाबांना दाखवलं नव्हतं. सुटका नको असंच म्हणणार होते. पण शेवटी त्याचे आभार मानणार होते. कायलला एकटं सोडलं नाही म्हणून."

तिने कागद मुठीत चुरगळला.

"तुला माहीत होतं?"

"नाही. शपथ, नाही."

"मग तू सगळ्यांसमोर कशी म्हणालीस? एवढ्या खात्रीने?" तिचा आवाज चढला. "मी हातोडा आपटून सगळ्यांना गप्प केलं, तू म्हणावंस म्हणून! घरी जाऊन आईला काय सांगू मी? सांग ना. तूच सांग, तुला छान बोलता येतं आता."

टीगार्डननी हॉर्न वाजवला. ती गेली.

घरी येताना, घराजवळच्या वळणावर आई म्हणाली, "खोटं होतं तर खोटं तरी नीट सांभाळायचं." मग म्हणाली, "देवा, मी काय बोलतेय." आज ती कामावर गेली नाही. उशी तोंडावर घेऊन पडून आहे. चहा नेला तर म्हणते, "ठेव तिथे." कालचा कपही तिथेच आहे.

तू हे का केलंस, ते मी दोन दिवस स्वतःला विचारतेय. कधी वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा तू पळाला नाहीस. आणि लगेच वाटतं, हेही पळणंच. आत राहिलास की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आईच्या नको, माझ्या नको, ब्रिनच्या तर नकोच. तू खरं बोललास आणि आम्हा सगळ्यांना त्या खऱ्यासोबत खोलीत सोडून दार लावून गेलास.


१९ एप्रिल

गॅरेट,

वरचं पत्र टाकलं नव्हतं. आता दोन्ही एकत्र टाकते.

राज्याच्या स्पर्धेला मी गेले नाही. पेट्स्का बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "निदान नवीन पोरांना शिकवायला ये. उभं कसं राहायचं, एवढं तरी." मी नाही म्हटलं. त्यांना उभं राहायला शिकवून मी पुढे काय सांगू?

ब्रिनही गेली नाही, असं त्यांनीच सांगितलं. तिने आईला खरं सांगून टाकलं होतं. मिसेस टीगार्डन आता स्वतःच्या बहिणीकडे कॅन्ससला आहेत. कधी येतील, माहीत नाही.

काल ब्रिन आमच्या दारात आली. आईने दार उघडलं आणि तिला बघून भिंतीला धरून उभी राहिली. ब्रिन आत आली नाही. पायरीवरूनच मला म्हणाली, "मला एकच विचारायचंय. तिथे मला विचारू दिलं नाही, आणि त्या बाईंनीही विचारलं नाही."

"विचार."

"तो हाका मारत होता म्हणे. कुणाला?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला माहीत आहे." तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं, जणू तिथे कुठेतरी तूच उभा आहेस. मग गेली.

आता मी विचारतेय. मला कळवू नकोस, आईलाही नको. पेल्टनला टीगार्डनांचं एकच घर आहे, तिथे लिही. तो कुणाला हाका मारत होता, गॅरेट? ब्रिनचं नाव होतं का त्यात?

ॲडी